कूलरचा पत्रा

माझी बायको विनोदिनी गेली तेव्हा ट्रकचा हँडब्रेक ओढलेला होता. हे आधी सांगतो, कारण लोक मला अजून विचारतात, अपघात झाला का. अपघात झाला नाही. नानाखेड्याच्या बसस्टँडच्या जरा पुढे तिने ट्रक कडेला घेतला, गिअर काढला, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. मागे भंडाऱ्याची भांडी भरलेली होती. मोठी पातेली, कढया, झारे. त्यातलं एकही भांडं जागचं हललं नव्हतं.

भांडी भाड्याने देण्याचा धंदा तिचा. लग्न, मुंज, भंडारा. उज्जैनात रोज कुठे ना कुठे भंडारा असतोच. पण ड्रायव्हर टिकत नव्हते. एक पिऊन आला, दुसरा आलाच नाही, तेव्हा तिने स्वतः मोठ्या गाडीचं लायसन काढलं. मी वीज कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. मला सायकलशिवाय काही चालवता येत नाही. रिटायर झाल्यावर मी तिच्या डाव्या बाजूला बसून भांडी मोजून द्यायला जायचो. आमच्या फ्रीगंज मोहल्ल्यात लोक म्हणायचे, काकी चालवते आणि तात्या हॉर्न वाजवतो. मी हॉर्नही वाजवला नाही कधी. तो तिच्या बाजूला होता.

तेरावं झालं आणि शर्वरी म्हणाली, "तात्या, ट्रक विकायचा नाही. मी चालवीन."

शर्वरी आमची एकुलती मुलगी. तिचं सासर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे. आईच्या हाताखाली ती ट्रक शिकली होती. देवउठनीनंतरच्या, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरच्या लग्नांची बुकिंग विनोदिनीने आधीच घेऊन ठेवली होती, आणि ज्यांना शब्द दिला त्यांना भांडी पोचायला हवीत असं शर्वरीचं म्हणणं होतं. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

पण गाडी आरटीओच्या फिटनेसला नापास झाली. इंजिन चांगलं, ब्रेक चांगले, केबिन कुजलेली. दरवाजांचे खालचे पत्रे, पायदान, ड्रायव्हरच्या पायाखालची फर्शी, सगळीकडे गंज. आणि शर्वरीची वेगळीच तक्रार होती.

"सीट मागे जात नाही. आई बुटकी होती. माझा गुडघा स्टिअरिंगला लागतो. ब्रेकवर पाय नेताना अडकते मी. कुणी समोर आलं तर?"

"जाम आहे ती. गंजलीय," मी म्हणालो. "आईकडूनही कधी हलली नाही."

"मग सोडवून घ्या. बाकी पत्रे नंतर. आधी हे."

मी हो म्हटलं. खरं म्हणजे ती सीट विनोदिनीच्या मापाला थांबलेली होती आणि ती तशीच राहावी असं मला वाटत होतं. हे मी शर्वरीला बोललो नाही.

देवास गेटच्या मागच्या बाजूला श्रीनाथ पांचाळचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्या अंगणात दिवाळीआधीच्या गाड्यांची रांग लागली होती. त्याने आमच्या ट्रकभोवती एक चक्कर मारली, दरवाज्यात पेचकस खुपसला, तो आरपार गेला.

"तात्याजी, देवउठनी तक तो मेरे पास टाइम नहीं है।"

मी तिथेच उभा राहिलो. घरी जाऊन काय करायचं होतं.

त्याने पेचकस खिशात घातला. मग म्हणाला, "आप क्या करते हो दिन भर?"

"कुछ नहीं।"

"तो बैठो। मैं बताता हूँ, आप करो। बिगड़ेगा तो आपका ही बिगड़ेगा।"

असा मी या वयात वेल्डिंग शिकायला बसलो. आधी बॅटरीची वायर काढायची. मग कुजलेलं कापायचं, चांगलं लोखंड लागेपर्यंत. गंज वरून बशीएवढा दिसतो आणि आत परातीएवढा निघतो. मग नवा पत्रा मापाने कापून बसवायचा आणि वेल्डिंगचे टाके मारायचे. एक इथे, एक पार दुसऱ्या टोकाला. लागोपाठ मारले तर पत्रा तापून वाकतो. हे श्रीनाथने सांगितलं होतं. तरी पहिल्या दिवशी मी एका ओळीत मारत गेलो, बरं जमतंय असं वाटून. दरवाज्याचा पत्रा पापड तळल्यासारखा झाला.

श्रीनाथने हात फिरवून पाहिला. "बढ़िया है। इसमें तो दाल भी रुक जाएगी।"

मी तो कापून काढला आणि पुन्हा बसवला. काच लावलेल्या मुखवट्याआड एक गोष्ट बरी असते. ठिणगी पडली की फक्त तेवढीच जागा दिसते. बाकी सगळा अंधार. तेवढा वेळ नानाखेडा दिसायचा नाही.

पायदानाच्या वेळी पत्रा कमी पडला. मला आठवलं, आमच्या छतावर जुना लोखंडी कूलर पडलाय. प्लास्टिकचा आणल्यापासून तो तसाच होता. आमच्याकडे कूलर कुणी टाकत नाही. त्याच्या पत्र्याची कोठी होते, खिडकीवरचं छज्जं होतं, तुळशीचा ओटा होतो. मी वर गेलो. कूलरची एक बाजू आधीच नव्हती. भंगारवाल्याने किंवा माकडांनी नेली असेल असं म्हणून मी दुसरी बाजू उचकटली. मीच एका उन्हाळ्यात त्याला फाटकाचा उरलेला हिरवा रंग लावला होता. ब्रशचे फराटे अजून दिसत होते.

श्रीनाथ त्या दुपारी जेवायला गेला होता. मी पत्रा कापला, लावला, टाके मारले. पांढरा धूर आला. खूप आला. पांढरी राख उडून शर्टावर बसली. मला वाटलं, जुना रंग जळतोय.

संध्याकाळी घरी तोंडात पैसा धरल्यासारखी चव यायला लागली. मग थंडी भरली. दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. शर्वरी घाबरली, डॉक्टरकडे चला म्हणाली. मी श्रीनाथला फोन लावायला सांगितलं, उद्या येत नाही म्हणून. त्याने विचारलं, कुठला पत्रा लावला. शर्वरीने फोन स्पीकरवर ठेवला होता.

"कूलर की चद्दर?" तो म्हणाला. "तात्याजी, उस पे जस्ता चढ़ा रहता है। वो जलता है तो धुआँ ज़हर है। दूध पियो, गुड़ खाओ, सुबह तक उतर जाएगा। नहीं उतरे तो डॉक्टर के पास जाना। और वो चद्दर मेरी दुकान में दोबारा मत लाना।"

शर्वरीने दूध-गूळ दिला. सकाळी ताप उतरला होता. अंगात काही नव्हतं, जसा काही आलाच नव्हता.

त्यानंतर उरली ड्रायव्हरच्या पायाखालची फर्शी. शेवटी ठेवली होती, कारण तिच्यासाठी सीट काढावी लागणार होती. मी गादी काढली. खाली दोन लोखंडी पट्ट्या असतात, त्यांवर सीट मागेपुढे सरकते. डावी पट्टी निघाली. उजवी निघेना. मी तेल सोडलं, हातोडी मारली, काही नाही. मग फर्शीवरचं रबराचं जाजम उचललं, खालची पुट्टी आणि काळा रंग खरवडला.

खाली एक चौकोनी ठिगळ होतं. त्याच्या चारी बाजूंना वेल्डिंग होतं, पण कसलं वेल्डिंग. कुठे गोळे, कुठे भोक पडून परत बुजवलेलं. दरवाज्याचा तो पहिला पत्रा मी जसा केला होता, त्यापेक्षाही वाईट. एक मोठा गोळा उडून सीटच्या पट्टीवर बसला होता आणि तिला चिकटला होता. सीट गंजाने जाम नव्हती. ती वेल्ड झाली होती.

मी ट्रकखाली शिरलो. ठिगळाची खालची बाजू बघायला. ती हिरवी होती. ब्रशच्या फराट्यांची.

मी तसाच पडून राहिलो. वरून श्रीनाथ विचारत होता, क्या हुआ, फँस गए क्या. छतावरचा कूलर, त्याची नसलेली बाजू, हे डोक्यात येत होतं आणि पुढे सरकत नव्हतं. आमच्या घरातला पत्रा इथे कसा आला. कुणी आणला.

श्रीनाथने मला पायाला धरून बाहेर ओढलं. मग स्वतः वाकून ते ठिगळ पाहिलं. वेल्डिंगवरून अंगठा फिरवला.

"किसी नौसिखिये का काम है। रॉड वाली मशीन से किया है, पतली चद्दर पे। और देखो, ये लहरें उलटी हैं। हम लोग इधर से उधर जाते हैं। ये उधर से इधर आया है।" त्याने हवेत हात फिरवून दाखवला. "बाएँ हाथ का आदमी है।"

तो ‘आदमी’ म्हणाला.

विनोदिनी डावखुरी होती. आमच्या लग्नात, देवाचं ताट वाढताना, माझी आई प्रत्येक वेळी तिचा हात बदलायची. मग आईनेच सोडून दिलं.

आणि मग मला तो ताप आठवला. मागच्याच्या मागच्या श्रावणात एका संध्याकाळी ती घरी आली आणि गोधड्या मागू लागली. दात वाजत होते. तोंडात पैसा धरल्यासारखं लागतंय, म्हणाली. मी मलेरिया म्हणालो. तिला दुधाचा वासही सहन व्हायचा नाही, चहासुद्धा ती काळा प्यायची, आणि त्या संध्याकाळी तिने स्वतःहून पेलाभर दूध मागितलं, गूळ घालून. सकाळी ताप नव्हता. मी तरी तिला रक्त तपासायला नेलं. काही निघालं नाही. घरी येताना ती म्हणाली, "झालं समाधान तुमचं?" आणि हसली. मला वाटलं, मलेरिया नाही म्हणून हसली.

दुपारी शर्वरी डबा घेऊन आली. मी तिला ठिगळ दाखवलं. ती डबा खाली ठेवून वाकली.

"आईने? आईने वेल्डिंग केलं?"

"तुला माहीत होतं?"

"नाही, तात्या. कुठे केलं असेल? मशीन कुठली?"

मग तिलाच सुचलं. मोठ्या भंडाऱ्यांना मंडपवाले लोखंडी सांगाडा जागेवरच जोडतात, त्यांच्याकडे मशीन असते. तिने सुमीतला फोन लावला. सुमीत मंडपाचं काम करतो, आमची भांडी बहुतेक त्याच्याच मंडपात जायची.

"हाँ दीदी," सुमीत म्हणाला. मागे पाइप आपटल्याचे आवाज येत होते. "काकी ने खुद किया था। फर्श में छेद हो गया था, सड़क दिखती थी। चद्दर घर से लाई थीं। मैंने कहा, मैं कर देता हूँ। बोलीं, मेरी गाड़ी है, मुझे करने दे, सिखा दे बस। दो घंटे में सीख गईं।" मग म्हणाला, "सीखीं तो क्या, चिपका दिया। फिर बुखार आया होगा, मैंने पहले ही बोला था, दूध पी लेना।"

"आम्हाला का नाही सांगितलं?" शर्वरीने मराठीतच विचारलं. सुमीतला मराठी कळते.

"बोली थीं, तात्या को मत बताना। फिर वो रोज़ सुबह गाड़ी के नीचे घुसकर देखेंगे, और मुझे निकलने नहीं देंगे।"

फोन बंद झाला. श्रीनाथ दुसऱ्या गाडीकडे गेला. शर्वरी हसायला लागली आणि मग तिला रडू आलं. मला दोन्ही आलं नाही. एवढी वर्षं एका घरात राहिलो. तिची औषधं कुठल्या डब्यात, चप्पल कुठली, सगळं मला माहीत होतं. आणि या बाईने हातात रॉड धरला, तिला ताप आला, मी तिला मलेरियासाठी नेलं, आणि नंतर दोन उन्हाळे मी तिच्या शेजारी बसून होतो. तिच्या पायाखाली आमचा कूलर होता.

"हे मी कापणार नाही," मी म्हणालो.

शर्वरीने डोळे पुसले. "म्हणजे?"

"बाकी सगळं नवं करीन. हे राहू दे. वरून आणखी एक पत्रा टाकू, पक्का."

"आणि सीट?"

"सीट राहील तशी."

ती डब्याची झाकणं लावत होती. न बघता म्हणाली, "तिथे मी बसणार आहे, तात्या."

एवढंच बोलली आणि गेली. भांडली असती तर मी ऐकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर दुकानात गेलो. ठिगळ साफ करायचं ठरवलं होतं. साफ करून, गंज घासून, त्याच्या वरच्या बाजूने जाड पत्रा लावायचा, म्हणजे तिचं काम आत सुरक्षित राहील. श्रीनाथला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, सड़े के ऊपर कुछ नहीं टिकता. मी म्हटलं, बघू.

रॉडच्या वेल्डिंगवर काळी खपली राहते, ती छोट्या हातोडीने उडवतात. तिने नीट उडवली नव्हती. मी हलकेच एक ठोका मारला. दुसरा मारला. आणि खपली नाही, वेल्डिंगच निघालं. चार बोटं लांब तुकडा, अख्खा, माझ्या तळहातावर येऊन पडला. त्याच्या खालची बाजू गुळगुळीत होती. त्याने पत्र्याला धरलंच नव्हतं. वर नुसता बसला होता.

मी आणखी एका जागी ठोकलं. तिथलंही निघालं. मग पुढचं. मला थांबायला हवं होतं, पण हात थांबेना. तीन बाजू सुटल्या. ठिगळ फक्त एका ठिकाणी धरलेलं होतं, त्या मोठ्या गोळ्याने, सीटच्या पट्टीला. मी हाताने दाबलं. ते खाली झुकलं आणि फटीतून जमीन दिसली. तेलाने काळी झालेली जमीन, एक बिडीचं थोटूक.

श्रीनाथ मागे येऊन उभा होता.

"पकड़ा ही नहीं था," तो म्हणाला. हळू म्हणाला. "पुट्टी ने संभाल रखा था। और किस्मत ने।"

मी ट्रकच्या पायदानावर बसलो. तिने त्यावर पाय ठेवून ट्रक इंदूर रोडला नेला होता. आगरला, बडनगरला. मागे भांडी, शेजारी मी. मी खिडकीतून बाहेर बघत असायचो. एखादा खड्डा जोरात लागला असता तर. पण लागला नाही, आणि ती गेली ती थांबलेल्या गाडीत, हँडब्रेक ओढून, भांडं न हलवता. मला या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवता येईनात. अजूनही येत नाहीत.

मग मी उठलो, बॅटरीची वायर काढली आहे का ते पाहिलं आणि ग्राइंडर मागितला.

"मैं काट दूँ?" श्रीनाथने विचारलं.

"नहीं।"

त्याने मला नाकातोंडाला बांधायला ओला गमछा दिला. मी तो गोळा आधी कापला. तो सगळ्यांत पक्का होता. तिच्या सगळ्या वेल्डिंगमध्ये तेवढाच एक नीट लागला होता, आणि तो चुकून पडलेला. ठिगळ खाली पडलं. मग फर्शी कापत गेलो, चांगलं लोखंड लागेपर्यंत. पार गिअरच्या कुबडापर्यंत कापावं लागलं. श्रीनाथने जाड काळा पत्रा दिला, कूलरचा नव्हे. मी टाके मारले. एक इथे, एक पार दुसऱ्या टोकाला, थांबून, पत्रा गार होऊ देऊन. प्रत्येक टाक्यानंतर हातोडीने ठोकून पाहिलं. एक सुटला. तो घासून परत मारला.

सगळं झाल्यावर श्रीनाथ त्या फर्शीवर चढला आणि बुटांसकट उड्या मारल्या. नाचलाच म्हणा.

"दिखता तो भद्दा है," तो म्हणाला. "पर हाथी खड़ा कर दो।"

संध्याकाळी सीट परत बसवली. पट्टी घासून ग्रीस लावलं होतं. फिटनेस पुढच्या आठवड्यात होता, पण शर्वरी थांबायला तयार नव्हती. ती आली, धुऊन ठेवलेल्या केबिनमध्ये चढली, आणि विनोदिनीच्या जागी बसली. गुडघे स्टिअरिंगला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिने सीटखालचा दांडा ओढला आणि पायाने मागे रेटलं.

सीट सरकली. खट, खट, असा आवाज करत मागे गेली आणि थांबली. त्या गाडीत मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. शर्वरीचे पाय मोकळे झाले. तिने ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला.

"आता अडकत नाही," ती म्हणाली. "तात्या, चढा. एक चक्कर मारू."

मी वळसा घालून डाव्या बाजूने चढलो आणि दरवाजा ओढून घेतला. तो पहिल्या झटक्यात लागला. सवयीने मी उजवीकडे पाहिलं. जिथे विनोदिनीचा खांदा दिसायचा तिथे आता मोकळी जागा होती, आणि शर्वरी त्या जागेच्या जरा मागे बसलेली होती.

तिने हँडब्रेक खाली केला.